मेधाच्या बोटीचं छत

चारबाग स्टेशनच्या बाहेर सुधीरराव उभे होते ते एका हातात मोजपट्टी आणि दुसऱ्या हातात कापडाचे तुकडे घेऊन. माझी गाडी चांगलीच उशिरा पोचली होती, अंग आंबून गेलं होतं आणि मला फक्त आंघोळ आणि चहा हवा होता. त्यांनी वाकून नमस्कार केला, "ताई, प्रवास कसा झाला?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तुकडे माझ्यापुढे धरले. "यातलं कुठलं जास्त ऊन अडवेल असं वाटतं तुम्हाला?"

हे माझ्या धाकट्या बहिणीचे, मेधाचे यजमान. सैन्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर लखनौच्या दक्षिणेला तेलीबागेत घर बांधून दोघं तिथेच राहिली. मुलगा बाहेरगावी नोकरीला. आणि शहराबाहेरच्या एका तलावावर त्यांची एक छोटी शिडाची बोट आहे, हे मी इतकी वर्षं फक्त फोनवर ऐकत आले होते. मी सांगलीची. बँकेत नोकरी झाली. पाण्याशी माझा संबंध म्हणजे कृष्णेला पूर आला की सामान माडीवर चढवायचं, एवढाच.

"आधी घरी जाऊ या," मी म्हटलं.

"हो हो. फक्त वाटेत आलमबागला पाच मिनिटं थांबू."

लखनौत कुणी पाच मिनिटं म्हटलं की घड्याळ काढून ठेवावं, हे मला त्या दिवशी कळलं. आलमबागला बसस्थानकाच्या गजबजाटातून, मेट्रोच्या पुलाखालून गाडी एका गल्लीत शिरली. तिथे ओळीने तिरपालची (ताडपत्रीची) दुकानं. ट्रकवर घालायची, पिकावर घालायची, लग्नाच्या चुलाणावर घालायची. सुधीररावांनी निळी, पिवळी, खाकी आणि चंदेरी अशा सगळ्या ताडपत्र्या उलगडायला लावल्या. मग मला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि दुकानातल्या दोन माणसांना एकेक ताडपत्री माझ्या डोक्यावर धरायला सांगितलं. मी तशीच, रात्रभराच्या चुरगळलेल्या साडीत, ताडपत्रीखाली उभी. येणारेजाणारे बघताहेत. एक रिक्षावाला थांबून विचारतो, "क्या हो रहा है यहाँ, भैया?" आणि सुधीरराव डोळे बारीक करून माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणतात, "निळ्यात तुम्ही आजारी दिसता. पिवळ्यात कावीळ झाल्यासारख्या."

"मी थकलेय, सुधीरराव. रंगाचा काही संबंध नाही."

शेवटी चंदेरी घेतली. ती डिकीत मावेना म्हणून माझी बॅग मी मांडीवर घेऊन बसले.

तेलीबागेतलं घर बाहेरून उजळ, पिवळ्या रंगाचं. आत पाऊल टाकलं आणि मला काही दिसेनाच. सगळ्या खिडक्यांना जाड पडदे, काचांना वरून काळसर कागद चिकटवलेला. भर सकाळी दिवा लावलेला. त्या दिव्याखाली मेधा बसली होती, पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून. ती उठली, मला मिठी मारली आणि माझ्या खांद्यावरून तिने नवऱ्याच्या हातातली ताडपत्री पाहिली.

"अच्छा, मतलब तू स्टेशनवरून थेट ताडपत्री आणायला गेलीस?" ती म्हणाली. "ताई, तू आल्या आल्या यांच्या नादाला लागलीस?"

मेधाला ल्यूपस आहे. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं असा हा आजार, आणि तिच्या बाबतीत त्याला चिथावणी देतं ते ऊन. तसा तो बरीच वर्षं गोळ्यांवर शांत होता. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती बोटीवर जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, सांधे धरले, मग ताप. किडनीपर्यंत गेलं. दवाखान्यातून सुटली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, उन्हापासून जपायचं. सुधीररावांनी त्याचा अर्थ असा घेतला की घरात ऊन दिसताच कामा नये. तेव्हापासून ती या अंधारात होती.

आणि बोट चालवायची ती मेधाच. सुधीररावांची बदली जिथे जिथे तलाव नाहीतर धरण आहे तिथे झाली, तिथे तिथे ती शीड बांधायला शिकली, स्पर्धेत उतरली. सांगलीच्या आमच्या घरात पोहणंसुद्धा कुणाला धड येत नव्हतं. ही कुठून शिकली कोण जाणे.

त्या दुपारी तिने तहरी (हळद, मटार, बटाटे घालून केलेला मसालेभात) वाढली. वाढता वाढता सहज म्हणाली, "मी यांना म्हटलंय, बोट विकून टाका. एकाने विचारलंयसुद्धा. महिनाअखेर तो बघायला येणार आहे."

सुधीररावांनी मान वर केली नाही. "छत बसलं तर विकायची गरज नाही," ते भाताला म्हणाले.

"सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा की," मी म्हटलं. मला वाटलं मी मोठाच तोडगा काढला.

दोघांनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं. "ताई, सकाळी इथे पान हलत नाही," मेधा म्हणाली. "मार्चमध्ये वारा सुटतो तो उन्हं चढल्यावर. पछुआ. पश्चिमेचा वारा. संध्याकाळी पुन्हा पडतो. शिडाच्या बोटीला वारा लागतो ग."

दुसऱ्या दिवशी मी आणि सुधीरराव तलावावर गेलो. मेधा अर्थातच घरी. शहर ओलांडून मलिहाबादच्या रस्त्याला लागलो की दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा सुरू होतात. दशहरीचा मोहोर, इकडे त्याला बौर म्हणतात, बराचसा गळून डहाळ्यांना वाटाण्याएवढं फळ धरलं होतं. बागांमधून औषध फवारणीचा वास येत होता, तरी त्याखालून मोहोराचा गोडसर वास येतच होता. मी खिडकी उघडी ठेवली. मला वाटलं, आता जरा प्रवासाला आल्यासारखं वाटतंय. तेवढ्यात सुधीररावांनी विचारलं, "ताई, ताडपत्री उन्हात आवाज करते का हो?"

बागा संपल्या तिथे तलाव. पसरट, मातकट हिरवा, पलीकडच्या काठाला उंच गवत. अलीकडे एक लाकडी धक्का आणि त्याला बांधलेल्या पाचसहा बोटी. मी आपली मनात एक डौलदार गलबत धरून आले होते. मेधाची बोट आमच्या सांगलीच्या दिवाणापेक्षा फार मोठी नव्हती. मध्ये डोलकाठी, मागे बसायचा खोलगट भाग, ज्याला ही मंडळी कॉकपिट म्हणतात, आणि त्या खोलगट भागाच्या वर आडवा एक दांडा. मोठ्या शिडाची खालची कड या दांड्याला बांधलेली असते. त्याचं नाव बूम. वारा बदलला की हा दांडा या बाजूकडून त्या बाजूला सपकन फिरतो, आणि वाकला नाहीत तर डोक्यावर बसतो.

"मग छत कुठे लावणार?" मी विचारलं. "दांड्याच्या वर की खाली?"

"तेच तर," सुधीरराव म्हणाले.

वर लावलं तर दांडा अडतो. खाली लावलं तर छत इतकं ठेंगणं की माणसाने गुडघ्यात मान घालून बसावं. त्यांनी खालीच लावलं. चार बांबू उभे केले, त्यावर चंदेरी ताडपत्री ताणली, चारही कोपरे दोरीने आवळले. मला आत बसायला सांगितलं. आत भट्टी. पायापासून डोक्यापर्यंत घामाने भिजले. वर ताडपत्री अशी कडाडत होती की ते बाहेरून काय बोलताहेत ते मला ऐकू येईना. मग एक वाऱ्याचा झोत आला. बोट धक्क्याला बांधलेली असूनही एका अंगावर कलंडली, मी किंचाळले, दोन बांबू निसटले आणि ताडपत्री उडून पाण्यात जाऊन पडली. सुधीरराव बुटांसकट तिच्यामागे पाण्यात उतरले.

धक्क्यावरचा रखवालदार रामसजीवन बिडी पीत हे पाहत होता. तो मला शांतपणे म्हणाला, "साहब परसाल से यही कर रहे हैं. पहले चद्दर बाँधी थी."

परतताना कंबरेपर्यंत ओले सुधीरराव गाडी चालवत होते आणि मी सीटच्या टोकाला बसले होते, कारण ताडपत्री या वेळी मागच्या सीटवर होती आणि तिच्यातून चिखल गळत होता. मी म्हटलं, "असं छत तयार विकत मिळत नाही का?"

"मिळतं. मागवलं होतं. दुसऱ्याच मापाचं आलं. परत पाठवलं, पुन्हा तेच आलं."

पुढे रोपवाटिकेतली हिरवी जाळी झाली. ती हलकी, वारा तिच्यातून आरपार जातो, उडत नाही. सुधीरराव इतके खूष झाले की त्यांनी वाटेत थांबून मला खस्ता (खुसखुशीत कचोरी) खाऊ घातला. घराच्या गच्चीवर दोन खुर्च्यांमध्ये जाळी बांधून पाहिली. मी खाली हात धरला. माझ्या हातावर उन्हाचे बारीक बारीक ठिपके पडले, चाळणीतून पीठ पडावं तसे. मी तो हात नुसता त्यांना दाखवला. त्यांनी जाळी गुंडाळली आणि तुळशीवर घातली.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं की जुन्या शहरात, अमीनाबादच्या मागे, शामियाने शिवणारे कारागीर आहेत. जाड सुती कॅनव्हास तेच चांगला शिवतील. म्हणून आम्ही इदरीसभाईंच्या दुकानात गेलो. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, जमिनीवर पसरलेलं कापड आणि त्यावर मशीन ठेवून बसलेले तिघे. इदरीसभाई स्वतः गादीवर. मेंदी लावलेली दाढी, स्वच्छ पांढरा कुर्ता. सुधीररावांनी मोबाइलवर बोटीचा फोटो दाखवला.

"नाव के लिए?" इदरीसभाईंनी चष्मा लावला. "यानी बारात दरिया से जाएगी?"

"बारात नहीं है, भाईसाहब. मेरी वाइफ बैठेंगी. उनको धूप मना है."

"अच्छा, अच्छा." त्यांचा चेहरा एकदम बदलला. "तो फिर आप फ़िक्र न करें. ऐसी चीज़ बनाएँगे कि धूप ख़ुद शरमा जाए. परसों ले जाइए."

सुधीररावांनी माप दिलं, बाहेरून पांढरं आणि आतून गडद निळं कापड ठरवलं. आतून पांढरं असलं तर पाण्यावरची चमक वर आपटून पुन्हा डोळ्यांत येते, हे त्यांनीच शोधून काढलं होतं. एवढं मात्र मला पटलं.

परसों गेलो तर कापड आलं नव्हतं. चहा आला. त्यानंतरच्या परसों गेलो तर कारागीर भावाच्या लग्नाला गेला होता. पुन्हा चहा, सोबत बिस्किटं. तिसऱ्या वेळी मी मनात वाक्यं जुळवून गेले. मी बँकेत थकलेल्या कर्जदारांशी बोलले आहे, माझा आवाज कमी नाही. पण जिन्यातच इदरीसभाई समोर आले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "बहनजी, आपको देखकर शर्मिंदगी होती है. आप महाराष्ट्र से आईं, और हम आपको सीढ़ियाँ चढ़वा रहे हैं." आता या माणसाशी भांडायचं कसं? सांगलीत कुणी असं उशीर करून वर उर्मट बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी तिसरा चहा प्यायले आणि खाली उतरून रस्त्यात सुधीररावांवर ओरडले. ते म्हणाले, "मला का ओरडता? तुम्हीच तर 'कोई बात नहीं' म्हणालात."

मी म्हणाले होते खरी.

मग एकदाचं छत तयार झालं. इदरीसभाईंनी ते खोलीभर उलगडलं. शिवण सुंदर होती, कडा दुहेरी, कोपऱ्यांना पितळी कड्या. आणि चारही बाजूंनी हातभर लांब, लाल-पिवळी, कंगोरेदार झालर. मध्यभागी आतल्या बाजूला कापडी नक्षीचं मोठं फूल.

सुधीररावांनी झालर हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"ये झालर?" मी विचारलं.

"बहनजी, बेगम साहिबा बैठेंगी," इदरीसभाई मनापासून म्हणाले, "और सादा कपड़ा?"

झालर काढून द्या म्हटलं तर ते दुखावले. उद्या काढून देतो म्हणाले. 'उद्या' ऐकल्यावर आम्ही दोघांनी एकदमच ती घडी उचलली आणि जिना उतरलो.

घरी आल्यावर सुधीररावांना ते मेधापासून लपवायचं होतं. पण एवढं मोठं गाठोडं घेऊन त्या अंधाऱ्या खोलीतून जाताना ते टेबलाला अडकलं आणि झालर बाहेर आली. मेधा उठली. तिने गाठोडं सोडलं, जमिनीवर पसरलं आणि दिव्याखाली ते फूल पाहिलं.

मला वाटलं ती हसेल. मी हसायच्या तयारीतच होते.

"हा मांडव आहे," ती म्हणाली. "मी यात बसू, आणि लोक काय अक्षता टाकायला येणार?"

"झालर काढायचीय," सुधीरराव घाईने म्हणाले. "तो मूर्ख माणूस..."

"त्याला का मूर्ख म्हणता? त्याने निदान कोण बसणार याचा विचार केला." तिचा आवाज चढला. "अहो, तुम्ही आणि ताई कितीतरी दिवस गावभर कापडं घेऊन फिरताय. मला एकदा तरी विचारलंत? मी कुठे बसते, कुठल्या हाताने सुकाणू धरते, ऊन मला कुठून लागतं? वरून लागत नाही मला ऊन! टोपी असते मला. पाण्यावरून उलटं येतं ते, बाजूने, खालून. तुम्ही वर कितीही जाड कापड लावा. बाजूचा पडदा कुठे आहे?"

बाजूच्या पडद्याचा विचार आम्ही केला नव्हता.

"तुला त्रास नको म्हणून विचारलं नाही," सुधीरराव म्हणाले.

"त्रास नको म्हणून मला या खोलीत ठेवलंत. त्रास नको म्हणून डॉक्टरांशी तुम्हीच बोलता. आता छतसुद्धा मला त्रास नको म्हणून तुम्हीच ठरवणार. मग बोट विका ना! मी काय म्हणतेय केव्हाची?"

सुधीरराव खुर्चीत बसले. हा माणूस एवढा उंच, आडवा, आणि त्या दिव्याच्या उजेडात एकदम म्हातारा दिसला. "मागच्या वर्षी मीच म्हटलं होतं," ते म्हणाले. "तू नको म्हणत होतीस. मी म्हटलं, चल यार, थोड्या वेळाने काय होतंय. तू दवाखान्यात होतीस तेव्हा मला दुसरं काही आठवतच नव्हतं."

बाहेर कुणी भाजीवाला "सब्जी" म्हणून ओरडत गेला. मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात, आणि मी आले. माझ्या पायांनी आले. तुम्ही मला उचलून नेलं नव्हतं. मला जायचं होतं, म्हणून गेले. माझा तो दिवससुद्धा तुम्ही स्वतःच्या नावावर करू नका."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच दूध तापवत बसले.

परत आले तेव्हा ती जमिनीवर बसून ब्लेडने झालर उसवत होती आणि सुधीरराव कापडाची दुसरी कड ताणून धरत होते. तिने मलाही बसवलं. उसवता उसवता तिने सगळं सांगितलं. पडदा एका बाजूला शिवून टाकायचा नाही, नाड्यांनी बांधायचा, म्हणजे ऊन फिरेल तसा तो फिरवता येईल. बांबू नकोत, पाईपच्या दोन कमानी वाकवून घ्यायच्या आणि बोटीच्या काठाला पकडीने आवळायच्या. आणि बूम वर उचलून डोलकाठीलाच बांधून टाकायची, म्हणजे छत हवं तेवढं उंच.

"बूम बांधली तर मोठं शीड कसं लावणार?" सुधीरराव म्हणाले.

"नाही लावायचं. पुढचं लहान शीड आहे ना. त्याच्यावर जाऊ."

"मोठं शीड नाही तर ती बोट कसली? टपरी होईल तिची."

"मग मी टपरीत बसेन," मेधा म्हणाली. "स्पर्धा कुणाला जिंकायचीय?"

यावर दोघांचं दोन दिवस चाललं. सुधीररावांनी आकृत्या काढल्या, वाऱ्याचा दाब समजावला, मला पंच नेमलं. मी सांगितलं, मला काही कळत नाही, पण मला परत जायचंय त्याआधी जे काय व्हायचं ते होऊ द्या. तेलीबागेतल्या वेल्डरने कमानी वाकवून दिल्या. पहिली जोडी त्याने दोन वेगवेगळ्या उंचींची केली. मी आता चिडायचंही सोडून दिलं होतं. फुलाची नक्षी मात्र मेधाने उसवली नाही. "असू दे," म्हणाली.

शेवटी एका दुपारी आम्ही तिघं तलावावर पोचलो. मेधा गाडीतून उतरली ती टोपी, गॉगल, हातमोजे आणि गळ्यापर्यंत ओढणी अशी. रामसजीवन पटकन उभा राहिला आणि त्याने बिडी टाकली. "मेमसाब," एवढंच म्हणाला. छत चढवायला आम्हाला इतका वेळ लागला की तेवढ्यात सांगलीत मी पाहुण्यांचा स्वयंपाक केला असता. एक पकड घसरत होती, तिच्यात सुधीररावांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. मग मेधा वाकून आत शिरली, सुकाणूचा दांडा हातात घेतला आणि ओढणी सैल केली.

जाताना वारा पाठीमागून होता. पुढचं लहान शीड फुगलं, धक्का मागे पडला. आवाज म्हणाल तर नुसता बोटीखाली पाण्याचा. छताखाली निळसर सावली होती आणि खरोखर गार वाटत होतं. सुधीरराव मेधाकडे पाहत होते आणि मेधा शिडाकडे. मला वाटलं, बास, हेच बघायला मी आले.

पण आम्ही पलीकडच्या उंच गवताजवळ पोचलो, मेधाने बोट वळवली, आणि ती पुढे जाईना. नाक वाऱ्याकडे केलं की बोट आडवी सरकायची, कारण वर ताणलेलं छत स्वतःच वारा धरत होतं आणि पुढचं शीड त्याला पुरं पडत नव्हतं. आम्ही इकडून तिकडे, तिकडून इकडे दोनतीन खेपा केल्या आणि होतो त्याहून थोडे मागेच आलो. शेवटी बोट गवतात शिरून थांबली. ऊन कलून समोरून, छताच्या खालून आत यायला लागलं होतं.

"मी म्हटलं होतं," सुधीरराव म्हणाले. "मोठं शीड लागतंच. छत काढतो आणि शीड चढवतो. अर्ध्या तासात पोचू."

"आणि मी?" मेधा म्हणाली.

ते थांबले. छताच्या दोरीला लावलेला हात त्यांनी काढून घेतला. त्या काठाला ना झाड, ना झोपडी. फोन गाडीत राहिले होते, दुसरी बोट यायला रामसजीवनला हाक पोचायला हवी, आणि वारा त्याच्याकडूनच आमच्याकडे येत होता.

"पडदा समोर बांधा," मेधा म्हणाली. "शीड उतरवा. वल्ही आहेत ना?"

वल्ही दोन होती. ती हातात धरून आपण बोट चालवू शकू असं मला आयुष्यात वाटलं नव्हतं. सुधीरराव डावीकडे, मी उजवीकडे, छताच्या बाहेर, भर उन्हात. मागे पडद्याआड मेधा. तिला समोरचं काही दिसत नव्हतं.

"ताई, समोर काय दिसतंय?"

"पाणी!"

"धक्का कुठे आहे?"

"थोडा डावीकडे."

"मग तू जोरात मार. अहो, तुम्ही हळू. आणि वल्हं सरळ घाल ताई, तू कढी ढवळत नाहीयेस."

मी दमले. दंड भरून आले, मान भाजली, तळव्यांना फोड आले. मधेच मी रागाने म्हटलं की ही बोट त्या विकत घेणाऱ्या माणसाला फुकट देऊन टाका, वर माझ्याकडून काही हवं तर तेही द्या. पडद्यामागून हसण्याचा आवाज आला. माझी बहीण इतकी मोकळी हसलेली मी या मुक्कामात पहिल्यांदा ऐकली. सुधीररावांनी मागे वळून पाहिलं आणि ते वल्हवायचंच विसरले, त्यामुळे बोट गर्रकन फिरली आणि आम्हा दोघांनाही पुन्हा बोलणी बसली.

धक्क्याला लागलो तेव्हा वारा पडत आला होता. रामसजीवनने मेधाच्या डोक्यावर छत्री धरली आणि ती गाडीपर्यंत चालत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते. सुधीरराव मेधाला खिडकीशी घेऊन गेले, पडदा जरासा सारला आणि तिचे दोन्ही गाल निरखून पाहिले. काही नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. सांधे नेहमीइतकेच दुखत होते. या वेळी डॉक्टरांशी मेधा स्वतः बोलली. डॉक्टर बराच वेळ कुरकुरले, मग म्हणाले, थोडाच वेळ, पूर्ण अंग झाकून, आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत. बोट बघायला येणाऱ्या माणसाला तिने स्वतःच फोन करून नको म्हणून सांगितलं.

आता सांगलीत परत येऊन बरेच दिवस झाले. शेजारणी विचारतात, लखनौला काय काय पाहिलंस? इमामबाडा पाहिला नाही. रेसिडेन्सी पाहिली नाही. चिकनच्या भरतकामाची साडीसुद्धा आणली नाही, आणि हे ऐकल्यावर त्यांना माझं पुढचं काही ऐकायचं नसतं. मी तिथे जवळजवळ रोज चिडलेली होते. मेहुण्यांवर, इदरीसभाईंवर, वेल्डरवर, वाऱ्यावर. आठवलं की अजूनही चिडते. पण इतक्या माणसांनी इतका वेळ एका बाईला सावली करायची धडपड केली, आणि ती सावली कशी हवी हे शेवटी तिच्याच तोंडून ऐकावं लागलं. बहीण असून मलाही ते सुचलं नव्हतं. तिच्याकडे मी आजारी माणूस म्हणून गेले होते. परतताना ती मला वल्हवायला शिकवणारी बाई म्हणून आठवत होती.

समोरच्या वहिनींनी परवा विचारलं, "मग पुन्हा जाणार का?"

माझे तळहात आता बरे झालेत. मी म्हटलं, "जाणार की. पण या वेळी हातमोजे घेऊन."